हिरव्या ताटाची साक्ष

"विष! विष!" राजा चंद्रध्वज पाटावरून ताडकन उठला.

विष कुणी पाहिलं नव्हतं. आमटी वाढताच चिनी ताट तडकलं होतं, एवढंच. पण ताट साधं नव्हतं. चीनहून गलबतानं आलेलं, शेवाळी हिरव्या झिलईचं! अशा ताटात विष पडलं की ते तडकतं, असं विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं होतं. विकणारे सांगत गेले, राजा घेत गेला. झिलई उजळ राहावी म्हणून ही ताटं रात्रभर हौदाच्या गार पाण्यात ठेवायचा त्याचा हुकूम होता.

जेवण समुद्रात फेकलं आणि आचारी धाकूला बेड्या पडल्या. त्याची मुलगी आवडी धावत दरबारात आली.

"महाराज, माझ्या बानं विष घातलं नाही!"

"मग सिद्ध कर! जेवण तर माशांनी खाल्लं. सूर्यास्तापर्यंत सिद्ध झालं नाही, तर धाकू सुळावर!"

"सूर्यास्त कशाला? वैद्यबुवांकडचा विषारी बचनाग द्या, आणि महाराजांचं सगळ्यात लाडकं ताट."

दरबार गार पडला. लाडकं ताट म्हणजे परातीएवढं, मधोमध कमळ कोरलेलं. त्याच्या बदल्यात राजानं दोन हत्ती दिले होते. ते नकली आहे असं शेजारचा राजा म्हणायचा, आणि त्यानं दूत म्हणून पाठवलेला वकील नेमका समोर बसलेला! नाही म्हणायची सोयच नव्हती.

"आणा," राजा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

आवडीनं बचनाग उगाळून ताटात ओतला. सगळे कान देऊन बसले. ताट ढिम्म! वकिलाच्या मिशीत हसू फुटलं.

"महाराज," आवडीनं हात जोडले, "विषानं ताट तडकतं हे खरं असेल, तर हे ताट नकली. हे अस्सल असेल, तर ती गोष्ट थाप, आणि माझा बा निर्दोष. खरं काय, ते वकीलसाहेबांना आपणच सांगावं!"

राजानं वकिलाकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं.

"ताट अस्सल आहे!" तो गरजला. "धाकूला सोडा!" मग हळूच म्हणाला, "पण पोरी, सकाळचं तडकलं कसं?"

"गारठलेलं ताट आणि वर उकळती आमटी! आमचं मडकंही असंच तडकतं, महाराज. त्यापायी कुणी सुळावर जात नाही."

"पण ताटं हौदात ठेवायला सांगितलं कुणी?" राजानं दरडावून विचारलं.

सगळा दरबार छताकडे बघू लागला. राजाला आठवलं, आणि तो पोट धरून हसत सुटला.

धाकूला सोन्याचं कडं मिळालं. आवडीला ताटांच्या कोठीची कारभारीण केलं. तिनं त्याच दिवशी पहिला हुकूम सोडला:

"उद्यापासून महाराजांना केळीच्या पानावर वाढा!"