मेण लावलेली सनई

माघातली सकाळ होती. ऊन पडलं होतं, पण त्यात ऊब नव्हती. उत्तरेकडून बारीक वारं सुटलं होतं आणि इलाहीबाबांच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला पाय पोटाशी घ्यावेसे वाटत होते.

"मग पोराला सांगणार कोण, बाबा?" तातोबा म्हणाला.

बाबांनी घोंगडं गुडघ्यांवर ओढून घेतलं.

तातोबा ऐवळे सनई वाजवणारा. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की लोक आधी तातोबा मोकळा आहे का विचारत, मग तिथी काढत. त्याच्या हातात पहिल्यांदा सनई दिली ती इलाहीबाबांनी. बाबा आता ऐंशीच्या पुढं गेले होते. तोंडात दात राहिले नव्हते, त्यामुळं वाजवणं केव्हाच सुटलं होतं. दोघांची घरं एकमेकांना लागून, मधे नुसती एक भिंत. तातोबाच्या घरात काय चाललंय हे बाबांना वेगळं सांगावं लागत नसे.

तरी तातोबानं सगळं सांगितलं.

लग्नात सनया दोन असतात. एक गाणं वाजवते. दुसरी एकच सूर धरून बसते. गाणं संपेपर्यंत तो सूर तुटत नाही, वर-खाली होत नाही. लोक पहिलीकडं बघतात. दुसरीकडं कोणी बघत नाही.

गेल्या दिवाळीपासून पहिली सनई दिगू वाजवत होता. तातोबाचा मुलगा, दोन पोरांचा बाप. लोकांना आता तोच हवा होता. तातोबानं स्वतःच त्याला पुढं बसवलं आणि आपण मागं सरकला. चावडीवर बसून चारचौघांत सांगितलंही, की आता पोराचा काळ आहे, आपण सूर धरायचा.

सांगून झालं. पण बोटांना ते पटेना.

वाजवता वाजवता दिगू एका जागी थांबायचा. तो थांबला की तातोबाची बोटं उठत. सूर सोडून तो पुढची जागा वाजवून दाखवी, आणि दिगूला तिथून उचलावं लागे. परवाच्या लग्नात हे पुन्हा पुन्हा झालं. दिगू घरी आला, हातपाय धुतले, आणि खाली बघत म्हणाला, तात्या, येत्या लग्नाला तुम्ही घरीच थांबा. थंडी फार आहे. मी सुरपेटी नेतो.

सुरपेटी म्हणजे विजेवरचा डबा. कळ दाबली की सूर देत बसतो.

तातोबानं बायकोकडं बघितलं. सुभद्रा आजवर त्याच्या शब्दाबाहेर गेलेली नव्हती. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, की बरोबर बोलतोय तो, उगं थंडीत कशाला?

तातोबाला हे जास्त लागलं.

"माझ्या जागी डबा, बाबा," तो म्हणाला.

"वाजतो का बरा?"

"वाजतो."

"मधेच काही दाखवत नाही?"

"डबा काय दाखवणार?"

"मग पोरगं हिशेबी आहे," बाबा म्हणाले.

तातोबानं तोंड फिरवलं. काही वेळ रस्त्यावरच्या कोंबड्या बघत बसला. पण उठून गेला नाही. उद्याच्या लग्नाला दिगू एकटा गेला, तर पुढच्या लग्नालाही एकटाच जाणार, हे त्याला कळत होतं. एकदा घरी थांबलेल्या माणसाला परत चल म्हणून कोणी बोलवत नाही. आपली जागा सुटते आणि आपण औषधाच्या बाटलीशेजारी जाऊन बसतो.

"तुमचं तो ऐकेल," तातोबा म्हणाला. "एवढंच सांगा, बाप शत्रू नाही. अडतोस तिथं सांभाळून घेतो."

"अडतो का तो?"

"अडतो. बारका होता तेव्हापासून तिथंच अडतो."

"आणि तू नाही सांभाळलंस तर?"

"तर... लोक हसतील की."

"हसलेत कधी?"

तातोबानं आठवून बघितलं. हसायला कोणाला वेळच मिळाला नव्हता. दरवेळी तो आधीच धावून गेला होता.

बाबांनी हात पुढं केला. "सनई आण बघू."

सनई तातोबाच्या काखेतच होती, फडक्यात गुंडाळलेली. तो कुठंही गेला तरी ती असे. बाबांनी फडकं सोडलं. काळं लाकूड, बोटं पडून पडून भोकांच्या कडा गुळगुळीत झालेल्या. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग मागच्या कोनाड्यात चाचपून मेणाचा एक गोळा काढला.

थंडीनं मेण दगडासारखं झालं होतं. बाबांनी ते दोन तळव्यांत धरलं आणि चोळत बसले. त्यांना घाई नव्हती. तातोबाला वाटलं, सनईला कुठं तडा दिसला असेल, तो बुजवायचाय.

मेण मऊ झालं. बाबांनी चिमूटभर घेतलं आणि पहिल्या भोकात दाबलं.

"बाबा..."

बाबांनी दुसरं भोक बुजवलं.

तातोबाचा हात पुढं गेला आणि तसाच मागं आला. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यानं हिसकावून घेतली असती. पण ज्या हातानं दिली, त्या हातातून कशी हिसकावणार?

सूर निघायला हवं तेवढं एक भोक बाबांनी मोकळं ठेवलं. बाकी सगळी बुजवली आणि सनई परत दिली.

"धर सूर."

तातोबानं सनई हातात घेतली. डाव्या हाताची बोटं सवयीनं जागच्या जागी गेली आणि मेणावर टेकली.

"हा हात काय करू?" त्यानं विचारलं.

"घोंगड्यात घे. गार आहे."

तातोबाला हसावं की रागवावं कळेना. पण त्यानं हात बाबांच्या घोंगड्यात घेतला.

तेवढ्यात भिंतीपलीकडं दिगू वाजवायला बसला. उद्याचीच तयारी होती. अक्षतांच्या आधी जे सावकाश वाजवतात, ते त्यानं सुरू केलं.

बाबांनी भिंतीकडं नुसती मान हलवली.

तातोबानं गाल फुगवले आणि सूर धरला.

पलीकडचं वाजणं एकदम थांबलं...

तातोबाचा सूर तेवढा भिंतीवरून जात राहिला. नाकानं श्वास घ्यायचा, गालातली हवा सोडत राहायची. हे त्याला झोपेतही जमत होतं.

मग दिगूनं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी आणखी सावकाश.

तातोबा ऐकत होता. तीच जागा आली. दिगू थांबला.

घोंगड्यातली बोटं उठली. सनईवरचीही उठली. पण उठून काय करणार, खाली मेण होतं. सूर होता तसाच राहिला. आता पोरगं पडणार, असं त्याला वाटलं.

पोरगं पडलं नाही.

ते थांबणं तसंच राहिलं. त्यात दुसरं काही नव्हतं, एकटा तातोबाचा सूर होता. दिगू गप्प बसून तो ऐकत होता. पुरता ऐकून झाल्यावर तो वरून हळूहळू उतरत आला आणि त्याच सुरावर येऊन टेकला. झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा टेकला. क्षणभर तातोबाला आपली सनई कुठली आणि त्याची कुठली, हे ओळखू येईना.

पुढं तीच जागा पुन्हा आली. दिगू पुन्हा थांबला. या वेळी तातोबाची बोटं उठली नाहीत.

गाणं संपलं. तातोबानं सनई खाली घेतली. डोळ्यांना पाणी आलं होतं ते त्यानं बाहीनं पुसलं आणि वारं फार आहे म्हणाला. बाबा हो म्हणाले.

भिंतीपलीकडून सुभद्राचा आवाज आला. "अहो, दिगू विचारतोय, पहाटे अंघोळीचं पाणी एकाचं तापवायचं का दोघांचं?"

तातोबानं बाबांकडं बघितलं. बाबा उरलेल्या मेणाचा गोळा करत होते.

"दोघांचं तापव," तातोबा म्हणाला.

"मग तसं लवकर झोपा आज. उगं दाराशी गप्पा मारत बसू नका," ती म्हणाली. ती आत गेली तशी पलीकडं भांडी वाजली, आणि दिगू कशाला तरी हसलेला ऐकू आला.

तातोबा उठला नाही. ऊन आता पायरीवर आलं होतं. त्यानं पाय उन्हात सोडले. पोरगं तिथं अडत नव्हतं. मग इतकी वर्षं आपण कशाला धावत होतो? याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण तसं वाईट वाटत नव्हतं. ओझं उतरवून ठेवल्यावर खांदा थोडा वेळ रिकामा रिकामा वाटतो, तसं काहीतरी होत होतं.

"बाबा," तो म्हणाला. "माझा बाप माझ्यामागं सूर धरायचा. मरेपर्यंत. कधी चांगलं म्हणाला नाही, कधी वाईट म्हणाला नाही. डोळे मिटून बसायचा. मला वाटायचं, म्हातारा बसल्या बसल्या झोप काढतो."

बाबा हसले. दात नसलेलं हसू, लहान मुलासारखं.

"मलाही वाटायचं," ते म्हणाले. "म्हणून एकदा लग्नाहून परत येताना विचारलं त्याला. म्हटलं, तुला कंटाळा येत नाही का रे?"

"मग?"

बाबांनी घोंगड्याचं टोक तातोबाच्या गुडघ्यावर टाकलं.

"म्हणाला, जन्मभर वाजवली, इलाही. ऐकायला मिळतेय ती आत्ता."