जोडीच्या खुर्च्या

नदीवर पूल झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक मधवाला राहत असे. त्याच्या ओसरीवर गादीच्या दोन जुन्या खुर्च्या होत्या, एक त्याची आणि एक बायकोची. संध्याकाळी दोघं तिथे बसून नदी बघायची.

बायको वारली. मधवाल्याने तिच्या खुर्चीवर चादर घातली आणि ठरवलं, हिच्यात आता कुणी बसायचं नाही.

त्याचा एकच मित्र होता, म्हातारा नावाडी. तो रोज यायचा आणि दगडी पायरीवर बसायचा. उठताना गुडघे धरून कण्हायचा. एकदा तो म्हणाला, "त्या खुर्चीत टेकलो तर चालेल का रे?"

"ती तिची आहे," मधवाला म्हणाला.

नावाडी रागावला नाही. पण पायरी त्याला झेपेना. हळूहळू त्याचं येणं कमी झालं, मग थांबलंच. मधवाला एकटाच नदी बघू लागला.

पुढे त्याच्या स्वतःच्या खुर्चीची गादी फाटली. खुर्च्या भरून देणारी एक बाई गावात आली होती, तिला त्याने बोलावलं. तिच्याकडे पिवळ्या पाखरांची नक्षी असलेलं छान कापड होतं.

"माझी एकच करायची," तो म्हणाला.

"एकीला नवं लुगडं आणि दुसरीला चादर? सवती आहेत का काका या?" असं म्हणत तिने हसत हसत चादर उचलली. गादीत उंदरांनी घर केलं होतं.

"मी तर तिला इतकं जपलं," मधवाला कसाबसा म्हणाला.

"बसतं कुणी हिच्यात?"

"नाही."

"म्हणूनच. रोज कुणी बसलं असतं तर उंदीर फिरकले नसते. आता उसवावी लागेल. नाहीतर चुलीत घाला."

मधवाल्याने गादीच्या मधोमध हात ठेवला. उसवली की बायकोच्या बसण्याने पडलेला खळगाही जाणार होता.

"उसव," शेवटी तो म्हणाला.

तिने टाके तोडले. पण जुनं कापड फेकलं नाही. ते पाखरांच्या कापडावर पसरलं आणि त्याच्याभोवती खडूने रेघ ओढली. उरलेला चांगला कापूस पिंजून पुन्हा आत भरला.

"असंच बेततात," ती म्हणाली. "जुन्यावरूनच नवं."

जुनं कापड डाव्या बाजूला ताणलेलं होतं. बायको तिकडे रेलून बसायची.

"हे सरळ करू का?"

"नको. तेवढं राहू दे."

दोन्ही खुर्च्या तयार झाल्या, तसा मधवाला नावाड्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चल, खुर्चीत बसायला."

"कुणाच्या?"

"तिच्या."

नावाडी चपापला. "माझ्या धोतराला मासळीचा वास येतो रे. नवं कापड खराब होईल."

"होऊ दे. ऊठ."

नावाडी अगदी जपून बसला. पाय पसरले, नदीकडे बघितलं आणि एकदम हसला. "वहिनी नावेत चढल्या की आधी नावेलाच दम द्यायच्या, 'हलायचं नाही, सांगून ठेवते!' हे तुला कधी सांगितलं होतं का त्यांनी?"

मधवाल्याने हे कधीच ऐकलं नव्हतं. त्याने आपली खुर्ची जवळ ओढली.

"नाही," तो म्हणाला. "अजून काय काय म्हणायची ती?"

तात्पर्य एवढंच: गेलेल्याची जागा नुसती राखून ठेवू नये. तिथे कुणाला तरी बसवावं, म्हणजे गेलेलं माणूस थोडं अधिक भेटतं.