कर्दळीचा खळगा

उतारावर वसलेलं एक गाव होतं आणि त्या गावाला एक खोड होती. ज्याच्या अंगणात पाणी साचेल, त्यानं मुरूम टाकून अंगण उंच करायचं. पाणी मग खालच्या घरी. खालचाही तेच करी. पिकल्या केसांची माणसं याला रीत म्हणत.

सगळ्यात खाली एक तरुण कुंभारीण राहायची. पाणी ढकलायला तिच्या खाली कुणी नव्हतंच. दोन वर्षं तिच्या छपरीतली कच्ची मडकी भिजून चिखल झाली. यंदाही गेली, तर चाक उचलून गाव सोडायचं, एवढंच उरलं होतं.

वरच्या घरचे आबा म्हणाले, "तूही टाक की मुरूम!"

"आणि पाणी जाईल कुठं, आबा?"

"ते आपण बघायचं नसतं."

"तुम्ही बघत नाही, म्हणून तर ते माझ्या घरात येतं!"

तिनं उन्हाळ्यातच कुदळ घेतली. छपरीपासून लांब, अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात चार खाटांएवढा पसरट खळगा खणला. तळाची कडक जमीन फोडली, वाळू आणि पालापाचोळ्याचं खत मिसळलं, कर्दळ नि वाळा लावला. वरून येणारं पाणी वळवायला चर काढला.

आबा पारावर खदखदून हसले. "अंगणात खड्डा! डास पाळणार आहे बाई!" बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्याला काय कष्ट पडतात?

तिनं दहा घागरी पाणी खळग्यात ओतलं. "सकाळी या बघायला." सकाळी खळग्यात थेंब उरला नव्हता. बघायला मात्र एकही शहाणा फिरकला नाही.

श्रावणात पावसानं दोन दिवस झोडपून काढलं. पाणी चरातून धावत आलं, खळग्यात भरलं, कर्दळीच्या मुळांशी मुरत राहिलं. छपरीतलं एकही मडकं भिजलं नाही. कुंभारीण दारात उभी राहून मोठ्यानं हसली.

इतक्यात वरून आरडाओरडा. दरसाल मुरूम टाकून टाकून आबांचं अंगण त्यांच्याच उंबऱ्याच्या वर गेलं होतं. पाणी थेट चुलीत!

पाऊस ओसरताच आबा ओलेचिंब खाली आले. "पोरी, कुठं खणू?"

"आधी मुरूम उपसा, आबा. मग सांगते."

आबांनी मुरूम उपसला आणि तिनं दाखवलं तिथं खळगा खणला. त्यांचं बघून बाकीचेही घमेली घेऊन निघाले. घटस्थापनेला गावातल्या घराघरांत कुंभारणीचेच घट बसले, आणि सगळ्यात आधी न्यायला आबाच आले.

तात्पर्य काय, तर संकट शेजाऱ्याच्या दारात ढकलणारा केस पिकले म्हणून मोठा होत नाही; आपल्या दारात जिरवतो, तोच मोठा.