न फिरणारी तबकडी

“...सगळं नियमाप्रमाणे आहे, मग ती फिरत का नाही, स्वामी?”

शशांक उमरीकरांनी हे विचारलं तेव्हा ते उभेच होते. स्वस्थ बसणं त्यांना जमतच नसे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, तेही फळ्यापासून दारापर्यंत येरझारा घालत.

अच्युतस्वामी पूर्वी याच विषयाचे त्यांचे सर होते. संन्यास घेऊन बालाघाटच्या डोंगरातल्या मठात आले, त्याला बारा वर्षं झाली. मठात हातमागावर पंचे विणत. त्यासाठी सूत गुंडाळायचं काम स्वामींकडे होतं.

उमरीकरांनी मठाच्या कोठारात आपल्या प्रयोगाचं बिऱ्हाड मांडलं होतं. रेशमी धाग्याला टांगलेली प्लास्टिकची तबकडी, तिच्या कडेला पितळी कडं, मध्ये तारेचं वेटोळं. कड्याला विद्युतप्रभार द्यायचा आणि वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडायचा. चुंबकीय क्षेत्र नाहीसं होता होता जागच्या प्रभाराला ढकलतं, तबकडी आपोआप फिरते. पुस्तकात फिरते. उमरीकरांच्या हातून सहा महिन्यांत एकदाही फिरली नव्हती.

फिरणार तीही केसभर. म्हणून धाग्याला आरसा चिकटवून त्यांनी उजेडाचा ठिपका भिंतीवर पाडला होता.

त्यांचा याच प्रयोगावरचा प्रबंध सोमवारी विद्यापीठाच्या समितीपुढे जायचा होता. आज नाही जमलं तर तो विहिरीत टाकून मोकळा होईन, असं त्यांनी सांगितलं. चार वर्षांचं काम होतं. नाटक नव्हतं ते, माणूस खरंच टेकीला आला होता.

“दाखव,” स्वामी म्हणाले.

उमरीकरांनी प्रभार दिला. तबकडी हेलकावू लागली. त्यांनी चटकन बोटांनी कडं धरून तिला थांबवलं आणि प्रवाहाचं बटण बंद केलं.

ठिपका जागचा हलला नाही.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यांनी तिला असं गप्प केलं की वर्गातलं पोरही इतकं गप्प बसलं नसतं. ठिपका तसाच.

स्वामी बघत होते...

“पुन्हा प्रभार दे. आता माझ्यासमोर बस. हात पुढे कर.”

उमरीकर बसले. स्वामींनी त्यांच्या दोन्ही हातांत सुताची लडी अडकवली आणि तिचा गुंडा वळायला घेतला. विज्ञान विचारायला आलेल्या माणसाला सुताला जुंपलं, याचा उमरीकरांना मनस्वी राग आला.

“स्वामी, तबकडी हलतेय.”

“हलू दे.”

“मी एका क्षणात थांबवतो, फक्त—”

सूत सरकत राहिलं. उमरीकरांचा गुडघा थडथडत होता, नजर सारखी भिंतीकडे जात होती. ठिपक्याचे हेलकावे लहान झाले, आणखी लहान झाले. दहा मिनिटांनी तो स्थिर झाला.

स्वामींनी डाव्या हाताने बटण बंद केलं.

ठिपका सरकला. चांगला चार बोटं सरकला.

उमरीकरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं... हात लागला की प्रभार अंगातून जमिनीत निघून जातो, हे आठवीच्या पोरालाही ठाऊक असतं. सहा महिने ते दर वेळी प्रभार देत होते, आणि तबकडीला शांत करण्याच्या घाईत स्वतःच तो काढून घेत होते. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले.

पण हे स्वस्थ बसणं किती वेळ टिकणार. लगेच ते अर्धे उठले. प्रबंध बरोबर आहे, चारची एसटी अजून मिळेल, सगळी मोजमापं नव्याने घ्यावी लागतील, असं भराभर बोलत सुटले. मग एकदम थांबले.

“स्वामी, असं स्वस्थ बसायला शिकायला मला किती दिवस लागतील?”

स्वामींनी निसटलेलं सूत सावरलं.

“हात वर धर. लडी अर्धीच झालीय.”