वशिंडातली बाहुली

एकदा एका शिष्येने महिनाभर खपून एक पांढराशुभ्र बैल घडवला, आणि ज्या गुरूंनी तिला ते काम सोपवले होते त्यांनीच सणाच्या आदल्या दिवशी त्या बैलावर बादलीभर पाणी ओतले. त्यांनी असे का केले, हे तिला त्या क्षणी कळले नाही.

ते गाव विदर्भातले होते. तिकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. हा दिवस मुलांचा. चाकांवरचे लाकडी बैल सजवायचे, दोरीने ओढत देवळापुढच्या मैदानात न्यायचे, तोरणाखाली रांगेत उभे करायचे आणि मग घरोघर जाऊन बैलाच्या मानाचा बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, मागायचा.

गावातल्या देखण्या लाकडी बैलांपैकी बहुतेक एकाच वृद्ध शिल्पकाराच्या हातचे होते. लोक त्यांना आबाजी म्हणत. आता त्यांची बोटे थरथरत, म्हणून त्यांनी एका मुलीला हाताशी घेतले होते. ती फारच कमी बोलणारी होती. दुकानात तिची पाळी आली तरी मागच्याला पुढे जाऊ देई. पण तिची नजर तीक्ष्ण होती. चालताना बैलाचा कान कोणत्या पावलाला हलतो, हे तिला विचारावे.

बाजारामागच्या वस्तीतल्या मुलांकडे बैल नव्हते. ती दरवर्षी मैदानाच्या कठड्यावर बसून दुसऱ्यांची रांग बघत. श्रावण लागला तेव्हा आबाजी शिष्येला म्हणाले, "यंदा त्या पोरांचा बैल रांगेत उभा राहिला पाहिजे. लाकूड मागू नकोस. त्यांच्या घरी मोडकी खेळणी असतील, त्यांचाच कर. त्यांना बरोबर घेऊन."

"मी?" ती म्हणाली.

"मग काय, मी? माझ्या हातचा बैल आता उभा राहायच्या आधीच नाचेल."

एवढे मोठे काम तिच्यावर पहिल्यांदाच येत होते. ते आबाजींच्या नावाला साजेल असे व्हावे, याखेरीज तिच्या मनात दुसरे काही नव्हते.

मुले पोत्यातून, फ्रॉकच्या ओच्यातून खेळणी घेऊन आली. दांडा तुटलेल्या बॅटी, सोंड नसलेला प्लास्टिकचा हत्ती, हौद्याला भोक पडलेला ट्रक, दोन तुकडे झालेली रिंग. लखन नावाच्या मुलाने आपली बॅट देताना सांगितले, "हिनं मी सिक्स मारला होता. तवाच तुटली." सगळ्यांत लहान रुंजीने उड्या मारायची दोरी आणली. तिची एक मूठ हरवली होती.

खिळे आणि तार घेऊन काम सुरू झाले. बॅटींचे पाय झाले, ट्रकचे पोट, निळ्या हत्तीचे डोके, रिंगच्या तुकड्यांची शिंगे. खेळण्यातल्या मोटारींची चाके पायांखाली गेली. रुंजीची दोरी शेपटी झाली. फक्त वशिंडासाठी गोल असे काही सापडेना. तेव्हा शिष्येने कोणी बघत नाही असे पाहून घरून आणलेली आपली लाकडी बाहुली तिथे बसवली आणि वर फडके गुंडाळले. बाहुलीचे नाक उडालेले होते. "एवढी घोडी झालीस, टाक आता ते," असे घरचे कधीपासून म्हणत होते, आणि तिने ती कपड्यांच्या घडीखाली जपून ठेवली होती.

एके दिवशी गावातल्या शेठजींचा नातू दारात येऊन उभा राहिला. त्याचा बैल शिसवी होता, शिंगांना पितळेच्या टोप्या होत्या. त्याने आतल्या बैलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"आबाजी, भंगारवाल्याची गाडी घरात कशाला घेतली?"

मुलांच्या माना खाली गेल्या. लखनच्या हातात त्याची अजून ठोकायची राहिलेली बॅट होती, ती त्याने पाठीमागे नेली. शिष्येने हे पाहिले. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

त्याच दिवशी तिने मुलांना सांगितले, "आता दोन-चार दिवस येऊ नका. राहिलेलं मी करते."

तिने मैद्याची खळ शिजवली, वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या आणि बैल शिंगांपासून खुरांपर्यंत मढवून काढला. वाळल्यावर चुन्याचा हात दिला, काजळाने डोळे आखले, पाठीवर गेरूची नक्षीदार झूल रंगवली. कशापासून केला आहे, हे आता ब्रह्मदेवालाही ओळखता आले नसते. आबाजींनी बैलाभोवती एक फेरी घातली, कानाच्या कोनावर बोट ठेवले आणि म्हणाले, "देखणा झालाय." तिला आभाळ ठेंगणे झाले.

मग त्यांनी विचारले, "ओढणार कोण?"

पोळ्याच्या दिवशी दुपारी तिने मुलांना बोलावले. मुले आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"बापरे, कितला सुंदर हाय!" लखन म्हणाला.

"घे ना दोरी. ओढून बघ."

"नको ताई. माह्या हातानं मळंन."

"मळू दे. घे."

"पडला-बिडला तर? तुझा बैल हाय, तूच ओढ."

रुंजी बैलाभोवती दोनदा फिरली. खाली वाकून तिने पोटाखाली पाहिले. "ताई, माही दोरी कुठं गेली?"

"शेपटीत आहे की, आतमध्ये."

"दिसत तर नाही," रुंजी म्हणाली आणि जाऊन भिंतीला टेकली.

कोणीच दोरी धरेना. तेव्हा आबाजी उठले. त्यांनी हौदातली बादली भरली, दोन्ही हातांनी कशीबशी उचलली आणि त्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवर रिकामी केली.

शिष्या किंचाळलीच. चुना ओघळला, झुलीची नक्षी गेरूच्या लाल पाण्यात विरघळली, कागद फुगून लोंबू लागला. आबाजींनी शांतपणे एक ओली पट्टी धरली आणि सोलून काढली. आतून निळा हत्ती डोकावला.

"ए, माहा हत्ती!" मागून कोणीतरी ओरडले.

मग मुलांचा लोंढा बैलावर तुटून पडला. "हे बघ माही बॅट, पुढचा पाय!" "शिंग सोड, शिंग माहं हाय!" "अरे, ट्रकचं भोक पोटाखाली आलं, किती भारी!" रुंजीला शेपटी सापडली आणि ती कुणाला हातच लावू देईना.

शिष्या ओंजळीत ओला कागद घेऊन उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. "आबाजी, तुम्हीच तर देखणा म्हणालात."

"होताच देखणा. पोरी, मलासुद्धा तसा कान काढता आला नसता. पण मी तुला त्या पोरांचा बैल सांगितला होता, आणि तू तुझा केलास. मोडकी वस्तू तू झाकलीस, तेव्हा ती आणणारं पोरही झाकलं गेलं. लखनची बॅट तुटली आणि तिचा पाय झाला, ही केवढ्या मानाची गोष्ट आहे! ती त्याला दिसायला नको?"

"पण लोक हसतील."

"हसतील ना. त्यांना उत्तर द्यायला तू जाऊ नकोस. ज्यांचा बैल, ते देतील."

इतक्यात वशिंडावरचा कागद आणि फडके निघाले. "अगंबाई, नकटी बाहुली!" रुंजी म्हणाली. "ही कोनाची?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. शिष्या वाकून चाकांत अडकलेला कागद काढत राहिली. आबाजींनी तिच्याकडे एकदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी वस्तीची मुले कठड्यावर बसली नाहीत. निळा, पिवळा, लाल, जागोजागी ठिगळांचा बैल दोरीने ओढत ती तोरणाखाली आली. चाके इतकी कुरकुरत होती की लोक मागे वळून बघत. शेठजींच्या नातवाचा बैल शेजारीच होता.

"आली भंगारगाडी!" तो म्हणाला.

लखनने या वेळी काहीच पाठीमागे लपवले नाही. "हा पाय माह्या बॅटीचा हाय. सिक्स मारला होता हिनं. तुह्या बैलात तुहं काय हाय?"

"माझ्या आजोबांनी आणलाय तो."

"आजोबांचं झालं. तुहं काय?"

नातवाने आपल्या बैलाकडे पाहिले. पितळी टोप्या चकाकत होत्या. मग तो हळूच रुंजीजवळ सरकला. "माझ्याकडे एक विमान आहे. लावता येईल का याला?"

रुंजीने विचार केला. "मोडकं हाय का?"

"एक पंख नाही."

"मग आण."

तेवढ्यात पाहणी करत शेठजी आले. दरवर्षी मानाचा बैल तेच निवडत. "हा कोणाचा रे?"

"माहा!" सगळी मुले एकदम ओरडली.

"एका बैलाला एवढे मालक?" शेठजी हसले.

"शेपटी माही," रुंजी म्हणाली. "पुढचा पाय लखनदादाचा. शिंगं त्याची, पोट तिचं."

"आणि ही वशिंडातली नकटी बाई?"

आजूबाजूचे लोक हसले. मुले एकमेकांकडे बघू लागली. शिष्या गर्दीच्या मागे, आबाजींच्या आड उभी होती. तिला वाटले, कोणी काही बोलले नाही तर शेठजी पुढे जातील, आणि झाले. पण त्या नक्षीविना, चुन्याविना उभ्या असलेल्या बैलातल्या प्रत्येक मोडक्या वस्तूला मालक होता. एका बाहुलीला मात्र कोणी नव्हते. एवढ्या लोकांत ती एकटीच टाकलेली दिसत होती.

ती पुढे झाली. रुंजीने सरकून तिला दोरीवर जागा दिली.

"माझी आहे," शिष्या म्हणाली. आवाज बारीक होता, म्हणून तिने पुन्हा म्हटले, "ती बाहुली माझी आहे. वशिंड माझं आहे."

आता कोणी हसले नाही. आबाजी बैल न्याहाळण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. पण त्या वेळी सबंध रांग सोडून ते फक्त तिच्याकडे बघत होते.

त्या वर्षीचा मान दुसऱ्याच कुठल्याशा बैलाला मिळाला. कोणत्या, ते वस्तीत आता कोणाला आठवत नाही. कुरकुरणारा बैल मात्र दरवर्षी निघतो. त्याच्या पाठीवर एकपंखी विमान आहे, आणि दोरी धरायला आता नव्या मुलांची भांडणे लागतात.

टाकून दिलेल्या वस्तूवर कितीही सुंदर रंग चढवा. जोवर कोणी पुढे होऊन 'ही माझी' म्हणत नाही, तोवर ती टाकलेलीच राहते.