खुर्चीकडे पाठ

एकदा एक वृद्ध गुरुजी ग्रामसभेला आले आणि भर सभेत सरपंचाच्या खुर्चीकडे पाठ करून बसले. आता तुम्ही म्हणाल, वयानं डोकं फिरलं असेल. तसं काही नव्हतं. तारीख नसलेली वही न तपासता परत करणारे, असे हे शिस्तीचे गुरुजी.

त्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि गुरुजींची विद्यार्थिनी द्वारका निवडून आली. परंतु खुर्चीत बसे तिचा नवरा, शिवदास. माणूस वाईट नव्हता. बायको चारचौघांत अडखळली तर लोक हसतील, या धास्तीनं तोच सगळं बोले. द्वारका कोपऱ्यात बायकांच्या सतरंजीवर बसे आणि सांगतील तिथे सही करी. अखेर ती गुरुजींकडे गेली.

"उद्याच्या सभेत राजीनामा जाहीर करते, गुरुजी. नुसत्या सहीपुरती मी कशाला हवी?" बोलताना तिचे डोळे भरून आले.

"कर. पण आधी माझा एक अर्ज घे," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत सभेत आले. शिवदासनं अदबीनं अर्जासाठी हात पुढे केला. गुरुजी मात्र त्याच्या टेबलापुढून सरळ सतरंजीकडे गेले, द्वारकेसमोर मांडी घालून बसले आणि अर्ज तिच्या हाती दिला. सभेत कुजबुज सुरू झाली.

"गुरुजी, सरपंचाच्या खुर्चीकडे पाठ?" शिवदास दुखावला होता. "माझं काही चुकलं का?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाळा, गावानं मत खुर्चीला दिलेलं नाही, हिला दिलंय. ही जिथं बसेल, तीच सभेची पुढची बाजू. ही अडखळेल म्हणून तू बोलतोस, तुझी माया मला कळते. पण माझ्याच वर्गात तू पाढे म्हणताना किती अडखळायचास! म्हणून तुझे पाढे मी म्हटले का कधी?"

लोक हसले. शिवदासही ओशाळून हसला. मग एक आजी सरकत गुरुजींच्या शेजारी येऊन बसल्या, मागोमाग आणखी दोघं आले. हळूहळू सगळी सभाच सतरंजीकडे तोंड करून बसली. शिवदास थोडा वेळ खुर्चीत चुळबुळला, मग उठून त्यानं सभेची वही द्वारकेपुढे आणून ठेवली.

अर्ज गल्लीतल्या बंद नळाविषयी होता. द्वारका तो मोठ्यानं वाचू लागली, पहिल्याच ओळीला अडखळली, थांबली आणि पुन्हा वाचू लागली. कोणीही हसलं नाही. शेवटपर्यंत वाचून तिनं तो कागद गुरुजींपुढे धरला.

"गुरुजी, खाली तारीख नाही. असा अर्ज मला घेता येणार नाही."

गुरुजींनी मान डोलावली आणि खिशातून पेन काढलं. राजीनाम्याचा कागद द्वारकेच्या पिशवीतच राहिला.

आपल्या गावच्या सभेत आपण कुणाकडे तोंड करून बसतो, तेवढं एकदा पाहावं.