सगळ्यांच्या कागदाचा झगा

एका गावात एक चर्च होतं, आणि त्या चर्चच्या संडे स्कूलला एक बाई होत्या. गावाचं नाव विचारू नका. सांगितलं तर तिथले लोक भांडायला येतील, आणि नाही सांगितलं तर ज्याला त्याला वाटेल, ही आपल्याच गावाबद्दल बोलतेय. वाटू दे.

बाई होत्या हुशार. बायबलातली गोष्ट नुसती तोंडाने सांगून त्या थांबत नसत. वर्तमानपत्राला घड्या घालून नोहाचं तारू करायच्या. पुठ्ठ्याचा मासा कापून त्याच्या पोटात कागदाचा योना सरकवायच्या. कणकेची खळ, बोथट कात्र्या आणि रद्दी, एवढ्यावर वर्ग चालायचा, आणि पोरं आठवडाभर रविवारची वाट बघायची. इथपर्यंत बाईंना माझा सलाम.

नाताळ तोंडावर आला तसं बाईंनी योसेफाची गोष्ट काढली. याकोबाला मुलगे पुष्कळ, पण लाडका एकच, योसेफ. बापाने त्याला एकट्याला रंगीबेरंगी झगा करून दिला. भाऊ जळफळले. त्यांनी योसेफाला कोरड्या विहिरीत टाकलं, मग परक्या लोकांना विकलं, आणि झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाकडे पाठवला, की ओळखा, हा तुमच्या मुलाचा आहे का.

"आपण तसा झगा करू," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाने घरून एकेक रंगीत कागद आणायचा. झगा सगळ्यांचा. पाळीपाळीने सगळ्यांनी घालायचा."

पोरं नाचतच घरी गेली. कुणी फाटक्या पतंगाचा कागद आणला, कुणी लग्नपत्रिका, कुणी साबणाचं वेष्टन. एस्तेर नावाची एक मुलगी होती. तिचा बाप ट्रक चालवायचा, घरी कधीमधी यायचा. एकदा येताना त्याने मिठाई आणली होती, तिच्या खोक्यावर सोनेरी कागद होता. मिठाई केव्हाच संपली. कागद मात्र एस्तेरने गादीखाली सपाट करून ठेवला होता, धाकट्या भावाला बोटसुद्धा लावू देत नव्हती. तो कागद तिने आणला.

"बाई, हा गळ्यापाशी लावाल?"

"लावू की! शोभून दिसेल."

झगा तयार झाला. खरंच सुरेख झाला होता.

आता इथे खजिनदार येतात. चर्चच्या मंडळीचे खजिनदार म्हणजे तालेवार माणूस. संडे स्कूलला खोली बांधून देतो असं ते म्हणाले होते. म्हणाले होते हं, बांधली नव्हती. त्यांचा नातू अनुग्रह याच वर्गात. पोरगा आपला साधा, त्याचा यात काडीचा दोष नाही.

बाईंनी झगा कापलाच मुळी अनुग्रहच्या मापाने. रविवारी तो त्यालाच घातला आणि भर उपासनेत मंडळीपुढे उभं केलं. टाळ्या पडल्या. आजोबांनी फोटो काढले. बाईंकडे बघून मान हलवली. बाईंना खोलीच्या भिंती उभ्या राहिलेल्या दिसल्या.

वर्गात आल्यावर एस्तेर म्हणाली, "बाई, आता माझी पाळी?"

"अगं, कागद आहे तो. फाटेल."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"बघा, बघा कशी तोंडं फुगवून बसलीत! अगदी योसेफाच्या भावांसारखी! गोष्टीतून काय शिकलो आपण? हेवा करू नये. म्हणा सगळ्यांनी."

पोरांनी म्हटलं, "हेवा करू नये."

अहो, काय बोलावं या बाईला! कागद पोरांचे, खळ पोरांनी कालवली, बोटं पोरांची चिकट झाली, झगा घातला एकाने, आणि हेव्याचं पाप कुणाच्या डोक्यावर? पोरांच्याच! माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जाते. वर बायबल हातात धरून सांगायचं. गोष्ट सांगता सांगता बाई स्वतःच याकोब होऊन बसल्या होत्या, आणि त्यांना पत्ता नव्हता.

मोठी माणसं चर्चपुढे चहा पीत गप्पा मारत होती. मागच्या बाजूला बांधकामाचा एक जुना कोरडा हौद होता. एस्तेर अनुग्रहला म्हणाली, "चल, पुढची गोष्ट खेळू. तू योसेफ." बिचारा खूश झाला. सकाळपासून त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. पोरांनी झगा काढून घेतला, त्याला हौदात उतरवलं आणि वर पत्रा ओढला. गोष्टीतले भाऊ विहिरीशेजारी जेवायला बसले होते, म्हणून हीही हौदाच्या काठाला चिवडा खात बसली. आतून आधी हसणं ऐकू आलं, मग हाका, मग रडणं. कुणी उठलं नाही.

एस्तेरने बाईंच्या पेटीतली लाल शाई झग्यावर ओतली. तो ओला झगा घेऊन ती थेट खजिनदारांपुढे जाऊन उभी राहिली.

"ओळखा, हा तुमच्या नातवाचा आहे का."

खजिनदारांच्या हातातली कपबशी खाली पडली. "अन्या! अरे, माझा अन्या!" म्हातारा धावत सुटला, मागून सगळी मंडळी. पत्रा काढला तर पोरगं कोपऱ्यात अंग चोरून रडत बसलेलं. लागलं काही नव्हतं, पण भेदरलं होतं. पोरांनी केलं ते वाईटच. त्याला मी चांगलं म्हणणार नाही.

पण पुढे ऐका. नातू कुशीत आल्यावर खजिनदारांचा आवाज चढला. "कुणाची ही पोरगी? हिचं नाव आत्ताच्या आत्ता काढा! नाताळच्या कार्यक्रमात ही दिसता कामा नये. संडे स्कूलच्या पायरीवरसुद्धा नको!"

एस्तेरची आई लाजेने मेल्याहून मेली. चर्चचे पाळकसाहेब जमिनीकडे बघत राहिले. ते नेहमी तिकडेच बघत.

बाई एस्तेरला म्हणाल्या, "हेच शिकलीस का गं गोष्टीतून?"

"तुम्ही सांगितलंत तेच केलं."

"मी सांगितलं, हेवा करू नये!"

"ते भावांना," एस्तेर म्हणाली. "बापाला काय सांगितलंत?"

बाईंना कळलं होतं, अगदी नीट कळलं होतं. "चूक माझी आहे," एवढंच म्हणायचं होतं. एका बाजूला ही मुलगी, एका बाजूला खोली. बाईंनी खजिनदारांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एस्तेर, घरी जा. पुढच्या रविवारी येऊ नकोस."

एस्तेर गेली. जाताना अनुग्रहपाशी थांबली आणि म्हणाली, "तुला रडवायला नको होतं." तिथे जमलेल्या एवढ्या माणसांत तेवढी एक आपली चूक मान्य करून गेली.

पुढच्या रविवारी बाई खळ कालवून, कात्र्या मांडून बसल्या. एकही पोर आलं नाही. आयांनी ढकललं तरी आलं नाही. गोष्टीतल्या याकोबाचा एक मुलगा गेला होता, या बाईंचा वर्गच्या वर्ग गेला. आला तो अनुग्रह एकटा. सगळे कागद त्याचे, सगळी रंगपेटी त्याची, खाऊ सगळा त्याचा. त्याने कागदाचं एक मेंढरू केलं, हातात धरून इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला रडूच कोसळलं.

"बाई, आता हे मी दाखवू कुणाला?"

बाई तशाच उठल्या. खळीचे हातही धुतले नाहीत. एस्तेरच्या दारात जाऊन म्हणाल्या, "माझं चुकलं, बाळ. चल."

तिची आई गडबडून पुढे आली. "अहो बाई, तुम्ही कशाला... जा गं एस्तेर, जा."

एस्तेर जागची हलली नाही. "घालवलंत सगळ्यांसमोर," ती म्हणाली, "आणि बोलवायला गुपचूप आलात?"

आईने डोळे वटारले. मी तिथे असते तर पोरीला जवळ घेतलं असतं.

बाई माघारी वळल्या. आणि त्यानंतरच्या उपासनेत जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वाचायच्या वेळी त्या उभ्या राहिल्या. एस्तेर आईबरोबर मागच्या बाकावर बसली होती. "झगा सगळ्यांचा होता. मी शब्द मोडला. खोलीच्या लोभाने एकाचे लाड केले आणि बाकीच्यांना वर हेवेखोर म्हटलं. शिक्षा मात्र एका मुलीला केली. एस्तेर, सगळ्यांसमोर तुझी माफी मागते. अनुग्रह, तुझीही. माझ्यामुळे तू एकटा पडलास."

खजिनदार ताडकन उठून बाहेर गेले. खोली आजतागायत झालेली नाही. पण आजोबा दारातून "अन्या, चल!" म्हणून ओरडत राहिले आणि अनुग्रह बाकावरून उठला नाही. उलट तो सरकला आणि त्याने शेजारी एस्तेरला जागा केली.

त्या दिवशी अंगणात लिंबाखाली वर्ग भरला. बाईंनी योसेफाची गोष्ट पुन्हा सांगायला घेतली, पण या वेळी सुरुवात वेगळी केली.

"एक बाप होता," बाई म्हणाल्या, "आणि पहिली चूक त्याची होती."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: लेकरांना हेवा करू नका म्हणण्याआधी, डावंउजवं कुणी केलं ते मोठ्यांनी कबूल करावं, आणि अपमान चारचौघांत केला असेल, तर माफीही चारचौघांतच मागावी.